लघुउद्योजकाचे अडकलेले पैसे

मित्रहो, स्टार्टअप आणि लघुउद्योग या दोघांनाही सरकारचा आधार हवा, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणाला कशाची गरज आहे हे ओळखण्याचा, आणि तिथेच आपले धोरण वर्षानुवर्षे चुकत आले आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टार्टअपची गरज धोका पत्करणाऱ्या भांडवलाची असते. त्याच्याकडे तारण नसते, सुरुवातीची काही वर्षे नफाही नसतो, त्यामुळे बँक त्याला दारात उभे करत नाही. 16 जानेवारी 2016 रोजी स्टार्टअप इंडिया योजना सुरू झाली, सिडबी या लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेमार्फत 10,000 कोटी रुपयांचा निधी उभा राहिला, पहिल्या दहा वर्षांपैकी कोणत्याही सलग तीन वर्षांच्या नफ्यावर करमाफी देण्यात आली आणि 2024 च्या अर्थसंकल्पात गुंतवणूकदारांकडून मिळालेल्या भांडवलावरचा एंजल टॅक्सही रद्द झाला. हे सगळे योग्यच झाले.

भोसरीच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत दोन-चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रांवर जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे काम करून देणाऱ्या माणसाची अडचण मात्र अगदी वेगळी आहे. त्याच्याकडे ग्राहक आहे, ऑर्डर आहे, कामात नफाही आहे. त्याला हवे आहेत ते त्याचे स्वतःचे, झालेल्या कामाचे पैसे. समजा, त्याने मोठ्या कंपनीला 10 लाख रुपयांचे काम करून दिले. त्यावर 18 टक्क्यांनी 1 लाख 80 हजार रुपये जीएसटी होतो. कंपनीकडून पैसे आलेले असोत वा नसोत, त्याला तो कर बहुधा पुढच्याच महिन्यात भरावा लागतो. माल कंपनीचाच असेल, तर स्वतःच्या खरेदीवर भरलेला कर वजा करायला त्याच्याकडे फारसे काही नसते. पगार, वीजबिल आणि यंत्राचा हप्ता थांबत नाही, म्हणून तो कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जातून, पैसे उचलतो आणि त्यावर व्याज भरतो. म्हणजे लहान माणूस मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आणि ते देण्यासाठी स्वतः व्याजाने पैसे काढतो. मग सरकार त्याला मुद्रा योजनेचे कर्ज देऊ करते. ज्याचे येणे थकले आहे त्याला आणखी देणेकरी करणे, याला मी मदत म्हणू शकत नाही.

कायदा नाही असे मात्र नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघू पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे न्यायची आणि तिचा निकाल 90 दिवसांत लागला पाहिजे. पण ज्याचे ऐंशी टक्के काम एकाच कंपनीकडून येते, तो त्या कंपनीविरुद्ध अर्ज कसा करणार? अर्ज केला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते, हे त्या वसाहतीत सगळ्यांना माहीत असते.

म्हणूनच 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 43बी(एच) मला महत्त्वाचे वाटते. 2023 च्या वित्त कायद्याने आलेल्या या तरतुदीनुसार मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. इथे पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही. मात्र मार्चअखेरपर्यंत हिशेब चुकता केला की कंपनीची सुटका होते, त्यामुळे एप्रिलचे बिल वर्षभर रखडले तरी या कलमाची झळ तिला बसत नाही. ट्रेड्सवर, म्हणजे पुरवठादाराला बिलावर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर, 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची झाली. पण नोंदणी करणे वेगळे आणि तिथे पुरवठादाराचे बिल मान्य करणे वेगळे.

आणखी एक विसंगती पाहा. जीएसटी कायद्यात खरेदीदाराला बिलावरच्या कराची वजावट आधीच मिळते आणि पुरवठादाराचे पैसे देण्यासाठी 180 दिवसांची मुभा असते. एक कायदा 45 दिवस म्हणतो, दुसरा 180. ही वजावट 45 दिवसांच्या मुदतीशी जोडावी आणि सूक्ष्म उद्योगाला पैसे हाती आल्यावरच कर भरण्याची सवलत द्यावी, ही माझी मागणी आहे. बिलाची तारीख आणि रक्कम जीएसटीच्या पोर्टलवर आजही नोंदलेली असते. पैसे कधी दिले, एवढी एकच नोंद खरेदीदाराकडून सक्तीने घेतली, तर उशिराचे व्याज आपोआप काढता येईल आणि कौन्सिलकडे केवळ मालाच्या दर्जावरून खरोखर वाद असलेली प्रकरणे उरतील.