असला म्हणजे कसला?

(पुण्यातल्या एका वाचनालयात पालक आणि शिक्षकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. आयोजकांनी बजावलंय की बाई, वेळेत आटपा आणि शेवटी पुस्तकांची यादी द्या. यादीचं मग बघू. आधी एक कबुली देते.

एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं वाईट शिकवलं. निकाल चांगला लागायचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कविता एकदा वाचायची, फळ्यावर कठीण शब्दांचे अर्थ, मग 'मध्यवर्ती कल्पना' उतरवून द्यायची. पोरं तीच पेपरात ओतायची आणि मीच त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण करायची.

असंच एकदा बालकवींची 'औदुंबर' उरकत होते. अवघ्या आठ ओळी. विरक्तीबद्दल काहीतरी भारदस्त लिहून देत असताना मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, असला म्हणजे कसला?"

शेवटच्या ओळीत झाड पाण्यात पाय टाकून बसलंय आणि कवी त्याला 'असला औदुंबर' म्हणतो. वर्ग खिदळला. मला वाटलं चेष्टा करतोय. त्याला उभं केलं, तास संपेपर्यंत.

संध्याकाळी गवार निवडत बसले होते, तेव्हा ते 'असला' डोक्यातून जाईना. पुस्तक काढून पुन्हा वाचली. दोन्ही तटांवर हिरवाळी, निळासावळा झरा, पुढे शेतांची हिरवी गर्दी, पांढरी पायवाट, पुन्हा हिरवं कुरण, काळा डोह, लाटांवर गोड काळिमा. नुसते रंग सांडलेत. झरा वाहतोय, पायवाटसुद्धा चालत निघालीय. आणि ज्याच्यासाठी कविता लिहिली, त्या झाडाला रंग नाही. हिरवा म्हटलं नाही, जुना म्हटलं नाही. 'असला', बस्स. म्हणजे वरच्या सात ओळींकडे बोट दाखवून कवी गप्प झाला! मी इतकी वर्षं ही कविता शिकवत होते आणि हा शब्द मला दिसलाच नव्हता. हे लिहिणारा माणूस १९१८ साली गेला तेव्हा जेमतेम अठ्ठाविसाव्या वर्षात होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, काल माझं चुकलं, चला आता शोधू कसला ते. एक मुलगी म्हणाली, "दमलाय तो." एक म्हणाला, "नाही, आमच्या आजोबांसारखा. घाटावर नुसते बसतात, कुणाशी बोलत नाहीत." घंटा झाली. मध्यवर्ती कल्पना राहूनच गेली.

तेव्हापासून तासाची शेवटची पाच मिनिटं मी एक कविता वाचायची. प्रश्न विचारायचे नाहीत. कोण मान वर करतं, कोण हसतं, एवढं बघायचं. पुस्तक कुणाला कुठलं द्यायचं ते मला तिथे कळायचं. विंदांच्या बालकवितांना जो मुलगा खो-खो हसतो, त्याच्या हातात चरित्रं कोंबू नयेत, एवढी अक्कल आली.

हडपसरच्या बाजूनं पीएमटीनं येणारा एक होता. पुस्तक म्हटलं की जांभई. त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. तिसऱ्या दिवशी मला जिन्यातच गाठलं. "बाई, हा फुरसुंगीचा आहे! फुरसुंगी आमच्या शेजारी!" पुस्तकात आपल्या बाजूचं गाव असू शकतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पुस्तक परत आलं ते पानांवर तेलाचे डाग घेऊन. ग्रंथपालांनी कुरकुर केली. मला मात्र ते डाग आवडले. जेवताना वाचलं होतं.

बरं, यादी. छोट्यांना माधुरी पुरंदरेंची पुस्तकं द्या आणि चित्रं बघायला वेळ द्या, पान उलटायची घाई तुम्हालाच असते. बारा-तेराच्या पुढे प्रकाश नारायण संतांचा लंपन. लंपनचं 'मॅडसारखं' घरात शिरलं की चार महिने जात नाही, तयारी ठेवा. संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव. आईच्या कविता आणि मुलाच्या कथा शेजारी ठेवून वाचायला मला फार आवडतं, पण हे माझं वेड, मुलांवर लादू नका. नववी-दहावीला 'बनगरवाडी'. त्यातला मास्तर स्वतःच पोरसवदा आहे, म्हणून ती जवळची वाटते.

आणि 'श्यामची आई' संस्काराचा डोस म्हणून पाजू नका हो. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आई केव्हाच गेलेल्या, कोंडलेल्या माणसाचं ते आठवणं आहे. तसं सांगून द्या. मुलगा रडला नाही म्हणून काळजी करू नका. माझी मुलगी तर कंटाळली होती.

प्रश्नोत्तरांआधी एक. मागच्या टेबलावर माझ्या कपाटातली पुस्तकं मांडलीत. मुलांना हात लावू द्या, "हे तुला झेपणार नाही" म्हणू नका. वही ठेवलीय, नाव लिहून घरी न्या. परतीची तारीख घातलेली नाही. फक्त 'औदुंबर'चं पान दुमडलंय, ते तसंच राहू द्या.