साकवापाशी तांबू

हा समोर दिसतोय तो आमच्या वाडीतला साकव. पोफळीचे चार सोट, वर फळ्या, आणि फळ्यांच्या फटीतून खाली वहाळाचं पाणी चमकतंय. साकवाच्या अलीकडे कान पुढेमागे करत उभा आहे तो तांबू. गाढव नाही, घोडाही नाही, खेचर. सकाळी सातला आम्ही कॅमेरा लावला, प्लॅन असा की तांबू साकव ओलांडेल, झकास शॉट मिळेल आणि नऊला आम्ही घरी घावणे खात असू. आत्ता अकरा वाजलेत आणि तांबूचा उजवा पाय पहिल्या फळीपासून वीतभर लांब, सकाळपासून तिथेच.

मी दोर ओढायला गेलो तर मामा म्हणाले, "ओढू नको रे, ओढलंस की त्याला वाटतं पुढं खरंच काहीतरी आहे."

मामा माझे सख्खे नव्हेत, अख्खी वाडी त्यांना मामाच म्हणते. घाटावरचे. दिवाळी झाली की पाच गाढवं आणि यंदा हे एक खेचर टेम्पोत घालून कुंभार्ली घाट उतरून इकडे गुहागर तालुक्यात येतात आणि मिरगाच्या आत परत वर. गाढवं जेजुरीच्या बाजारातली, पौष पौर्णिमेला भरतो तो. तिथे दात बघून वय ठरवतात, दोन दातांचं दुवान, चार दातांचं चौवान असे शब्द आहेत, आणि गुजरातकडचं काठेवाडी गाढव असेल तर भाव गावठीपेक्षा चढा.

आता कोकणात गाढवं कशाला असं कोणी विचारेल, तर आमची वाडी बघा. डांबरी रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर संपतो, टेम्पो तिथेच थांबतो, खाली घरांपर्यंत फक्त पाखाडी. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूला गडगे म्हणजे दगडी बांध, रुंदी इतकी की समोरून डोक्यावर भारा घेतलेली काकी आली की आपण गडग्याला चिकटायचं. घर बांधायचं तर चिरे म्हणजे जांभ्याचे घडीव दगड, वाळू, सिमेंट सगळं ह्या पायऱ्यांवरून.

आणि इथे एक गंमत आहे. एक चिरा साधारण ३० किलोचा. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यात गाढवाला जास्तीत जास्त ५० किलो, खेचराला २००. म्हणजे गाढवावर दोन चिरे टाकले की ६० झाले, नियम मोडला, आणि एकच टाकला तर ओझं एका अंगाला कलंडणार. म्हणून मामा गाढवांवर वाळूच्या गोणी देतात, दोन्हीकडे सारख्या, आणि चिरे खेचरावर. हिशोबाने सहा बसतात पण मामा चारच घालतात, पायऱ्या आहेत ना. त्याच नियमांत असंही आहे की पारा ३७ च्या वर जात असेल तर दुपारी १२ ते ३ जनावराला कामाला जुंपायचं नाही. मामांनी तो कागद कधी बघितलेला नाही, पण साडेअकराला त्यांची गाढवं फणसाखाली असतात.

खेचर म्हणजे बाप गाढव आणि आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३, जोड्या जुळत नाहीत म्हणून वंश पुढे चालत नाही. अंगातली मस्ती मात्र शाबूत असते, त्यामुळे नर खेचर खच्ची करावाच लागतो नाहीतर सांभाळणं मुश्किल. उंची आणि ताकद आईची, कान आणि डोकं बापाचं. आणि डोकं बापाचं हाच आजचा सगळा घोळ आहे.

घोडा घाबरला की आधी पळतो, मग विचार करतो. गाढवाचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेतल्या कोरड्या खडकाळ मुलखातले, तिथे न बघता पळालं की पाय मोडणार, म्हणून ते थांबतं आणि बघतं. आपण त्याला अडेल म्हणतो. त्याच कोरड्या मुलखामुळे गाढवाच्या केसांतून पाणी घोड्याच्या केसांसारखं निथळत नाही, आत मुरतं, खूर ओलाव्याने कुजतात. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणून मिरगाच्या आत परत. खायला हिरवंगार गवत भरपूर दिलं तर मानेवर चरबी धरते आणि पाय धरतात, त्यापेक्षा भाताचा पेंढा बरा, तो आमच्याकडे उडव्यांनी रचलेला असतोच.

तसं आमच्या कोकणाने गाढवाला फार वाईट वागवलंय. शिलाहार राजांच्या काळातले गद्धेगाळ म्हणून कोरीव दगड आहेत ना, वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढवाचं चित्र, की दान मोडेल त्याला ही शिवी. अलिबागजवळ आक्षीला आहे तसा. खालचं चित्र मी दाखवत नाही, घरात लहान मुलं बघतात.

असो. तांबूवर बसायचं शिक्षण. पाठीवर वजन देण्याआधी जनावर चार वर्षांचं तरी व्हायला हवं, हाडं उशिरा पक्की होतात. मामांनी आधी नुसतं दोर धरून चालवलं, थांब म्हटलं की थांब, मागे म्हटलं की मागे, पंधरा मिनिटं झाली की सोडून द्यायचं. मग पाठीवर रिकामं गोणपाट, तेही आधी हुंगायला देऊन. मग गादी, मग अर्धी गोणी वाळू. सगळं ओहोटीला पुळणीवर, पाण्याजवळच्या ओल्या टणक वाळूत, कारण वरच्या भुसभुशीत वाळूत पायाच्या शिरा ताणतात. माणूस बसला तो शेवटी, आणि तोही पहिल्यांदा नुसता पोटावर आडवा. गाढवांवर मात्र मोठं माणूस कोणी बसत नाही, आमच्याकडची गाढवं दीडशे किलोच्या आतली, त्यांना पोरंसोरंच झेपतात.

माझी पहिली रपेट सांगतो, हसायचं असेल तर हसा. खेचराला घोड्यासारखा खांद्याचा उंचवटा नसतो, पाठ सपाट, पोट पिंपासारखं, त्यामुळे उतारावर खोगीर पुढे घसरतं. म्हणून शेपटीखालून दुमची घालतात, ती खोगीर मागे धरून ठेवते. मामा म्हणाले थांब दुमची बांधू, मी म्हटलं पाचच पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीला खोगीर मानेवर, मी कानांवर, आणि पुढच्या क्षणी गडग्यावर. ढोपराची साल निघाली. तांबू जागचा हलला नाही, मान वळवून बघत उभा. घोडा असता तर मला घेऊन खाडीपर्यंत गेला असता.

तर साकव. सुरुवातीला दाखवला त्या पहिल्या दिवशी पुढे काहीच झालं नाही, मामांनी दुपारी त्याला वळवून नेलं, मारलं नाही, ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी साकवाच्या तोंडाशीच तोबरा लावला, खाल्लं, परत. तिसऱ्या दिवशी मामांनी म्हातारी गाढवी गंगी पुढे घातली. ती खटखट करत पलीकडे गेली, पलीकडे जाऊन ओरडली. तांबूने मान खाली घालून पहिली फळी हुंगली, नाकपुडीचा वारा फळीवरच्या मातीत दिसला, एक खूर ठेवला, उचलला, परत ठेवला. फळी वाजली तसे दोन्ही कान मागे. मामांचा दोर सैल, इतका सैल की मध्ये जमिनीला टेकलेला. मग एकदम चार ढांगांत पलीकडे, आणि तिथे पोचल्यावर जणू काही झालंच नाही अशा थाटात घाणेरीचं पान चावत बसला.

आम्ही टाळ्या बिळ्या वाजवल्या. मामांनी पाठीवर गादी घातली, मी वर बसलो, ह्या वेळी दुमचीसकट, आणि पलीकडच्या वाडीपर्यंत फेरी मारून आलो.

येताना साकवाच्या त्या तोंडाला तांबू पुन्हा उभा. कान पुढे, पाय वीतभर लांब. ह्या बाजूने त्याने साकव कधी बघितलाच नव्हता. मी मामांकडे बघितलं. मामा खाली दगडावर बसले, चंची काढली आणि म्हणाले, "उतर खाली. बसूया जरा."