तेराशे अंशांचा अंदाज

(दृश्य : वाशिष्ठीचं मुख, पलीकडे दाभोळ, अलीकडे अंजनवेलचा कडा.)

निवेदन :
वाशिष्ठी समुद्राला मिळते तिथे, दक्षिण तीरावर हा वीजप्रकल्प. २००५ पासून नाव रत्नागिरी गॅस अँड पॉवर. लोकांच्या तोंडी अजून एन्रॉनच. क्षमता १९६७ मेगावॉट, ब्लॉक तीन, प्रत्येकात दोन गॅस टर्बाइन. राजकारण पुष्कळ सांगून झालंय. आपण टर्बाइनच्या पोटात शिरू.

हवा ओढायची, दाबायची, तिच्यात गॅस जाळायचा आणि त्या झोतावर पाती फिरवायची. पण पहिल्या पात्यांवर येणारा झोत १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. निकेलच्या मिश्रधातूला तो सोसवत नाही, म्हणून पात्यात आतून हवा खेळवतात, वरून झिर्कोनियाचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा थर देतात. धातू दहा-पंधरा अंशांनी जास्त तापत राहिला तरी पात्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा ढोबळ हिशेब आहे.

आणि नेमकं तिथलंच तापमान रोजच्या कामात कुणी मोजत नाही. त्या झोतात वर्षभर उभा राहून खरं सांगेल असा सेन्सर बसवणं परवडत नाही. मोजतात ते मागे, एक्झॉस्टला, जिथे वायू सहाशे अंशांपर्यंत उतरलेला असतो. हा आकडा आणि कॉम्प्रेसरचा दाब घेऊन कंट्रोल सिस्टिम पुढचे तेराशे गणिताने काढते.

(दृश्य : टेबलावर एक थर्मोकपल, कॅमेरा जवळ.)

तापमान मोजणारा थर्मोकपल तो हा, पेन्सिलीएवढी धातूची नळी. आत क्रोमेल आणि अल्युमेल या निकेलच्या मिश्रधातूंच्या दोन तारा, टोकाशी जोडलेल्या, भोवती वीज अडवणारी मॅग्नेशियाची पूड ठासलेली. टोक ६०० अंशांवर गेलं की दुसऱ्या बाजूला जेमतेम २५ मिलिव्होल्ट मिळतात. तेवढ्यावर एवढं धूड चालवायचं! मॅग्नेशिया पाणी शोषतो. कोकणातल्या पावसात नळीचं सील सैल पडलं की ओल आत शिरते, इन्सुलेशन घसरतं आणि आकडा भरकटतो. टर्बाइन ठणठणीत असतं, आजारी असतो सेन्सर.

म्हणून एकावर विसंबत नाहीत. एक्झॉस्टभोवती थर्मोकपलांचं कडंच असतं. एकच आकडा शेजाऱ्यांपासून तुटला तर आधी संशय त्या थर्मोकपलावर. शेजारचे दोघे-तिघेही खाली आले तर एखाद्या दहनकक्षात जळण नीट होत नाही. पण कोणत्या? थंड जागेच्या सरळ समोरचा कक्ष उघडाल तर फसाल. पात्यांच्या एकामागच्या तीन रांगांतून जाताना वायू गोल फिरतो, थंड पट्टाही सोबत सरकतो. किती सरकतो, ते लोडप्रमाणे बदलतं. जाणता ऑपरेटर तेवढे अंश मागे मोजूनच बोट ठेवतो.

(दृश्य : किनाऱ्यावर आपटणाऱ्या लाटा, एअर फिल्टरच्या रांगा.)

खाऱ्या वाऱ्याचं दुखणं निराळं. फिल्टरमधून मीठ निसटलं की सोडियम सल्फेट तयार होतं, ते ८८४ अंशांना वितळतं आणि पात्यांचं संरक्षक कवच खातं. इंधनात गंधक जास्त असेल तर आणखी वेगाने. एक्झॉस्टच्या कड्याला हे सुरुवातीला कळतही नाही. एक पातं झिजतंय, पण वायू सगळ्यांचा मिसळून येतो.

पात्याकडे थेट पाहायचं तर पायरोमीटर. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या पात्यांचं अवरक्त तेज टिपून तो एकेकाचं तापमान सांगतो. काच मात्र काजळू द्यायची नाही. हे तेज वाहून नेणाऱ्या साध्या काचतंतूऐवजी नीलमण्याचा तंतू वापरण्याचे प्रयोग सुरू आहेत, कारण नीलम वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. सिलिकॉन कार्बाइड या उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचे सर्किट ५०० अंशांत हजारो तास चालल्याचं नासाच्या प्रयोगशाळेने दाखवलंय. ज्वाला पेटली की नाही हे पाहणारे याच पदार्थाचे डोळे तर टर्बाइनांवर कामालाही लागलेत.

(दृश्य : कंट्रोल रूम, पडद्यावर चढती रेषा.)

अंजनवेलला हे सगळं जास्त लागू, कारण गॅसअभावी इथले संच अनेकदा बंद पडले. दर वेळी थंड यंत्र पेटवायचं म्हणजे धातूला एक नवा ताण. त्यामुळे देखभालीच्या वहीत चाललेल्या तासांइतकीच किती वेळा सुरू केलं याचीही नोंद ठेवतात, आणि बोरोस्कोप, म्हणजे यंत्र न उघडता पाती पाहायची बारीक दुर्बीण, आत घालायची तारीख दोन्ही पाहून ठरते.