आधी ट्रायपॉड, मग लेन्स

आजच्या बोलण्याचा विषय छापलाय मीडियम फॉरमॅट, म्हणजे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सचा, पण मी सुरुवात ट्रायपॉडपासून करणार. माझं हे तुणतुणं ज्यांनी आधी ऐकलंय, त्यांनी चहा घेऊन यायला हरकत नाही. (हशा)

हॅसलब्लाड हा माझा फिल्म-कॅमेरा बघितला की सगळे लेन्सचं विचारतात. लेन्स झाइस ह्या जर्मन कंपनीची, म्हटल्यावर माना डोलतात. ‘खाली काय लावता?’ हे मात्र कुणी विचारत नाही. एक वॉचमन सोडून! किल्ल्याचं नाव सांगत नाही. तो म्हणाला, मोबाइल चालेल, कॅमेरा चालेल, ट्रायपॉड नाही, परवानगी आणा. परवानगीचं ऑफिस दुसऱ्या गावात, त्यात रविवार. मी म्हटलं, दादा, हा कॅमेरा 1957 च्या डिझाइनचा आहे, ह्याने काय चोरणार? त्याने वरून डोकावून पाहिलं. वेस्ट-लेव्हल फाइंडरमध्ये, म्हणजे कमरेशी धरून वरून बघायच्या काचेत, डावं-उजवं उलट दिसतं. समोरचा माणूस डावीकडे निघाला की काचेत उजवीकडे जातो. दहा मिनिटं तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना उलटं चालवत बसला. मग खुशीत म्हणाला, ‘भारी आहे! पण ट्रायपॉड नाही.’ (हशा)

मी एवढा चिडलो, कारण गणित साधं आहे. ह्या कॅमेऱ्याच्या 80 मिमी लेन्सची डेप्थ, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, छोट्या 35 मिमी कॅमेऱ्याच्या 50 पेक्षा कमी, म्हणून लेन्सचं छिद्र लहान करून एफ/16 वर जावं लागतं. आयएसओ 100 ची फिल्म आणि सावली असेल, तर शटर 1/15 सेकंदाच्याही खाली, म्हणजे आणखी हळू. हातात धरून तिथे काय येणार? शिवाय 6×6 सेंटिमीटरच्या फ्रेमला रोलमध्ये बाराच फ्रेम.

ट्रायपॉड उंच नको. आपण वरून खाली बघतो, छातीपर्यंत पुरे. म्हणजे पायांचा सगळ्यात बारीक, खालचा भाग उघडावाच लागत नाही आणि मधला दांडाही खालीच राहतो. वाऱ्यात बॅग लटकवा, पण झोके घेऊ देऊ नका. केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची तार, हवीच, आणि शटरआधी कॅमेऱ्यातला आरसा उचलून ठेवा, म्हणजे त्याचा धक्का बसत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे आता लेन्स! (हशा)

पहिली 80 घ्या. फ्रेम खरी 56 मिमीची, तिचा कर्ण साधारण 79, म्हणून ती नॉर्मल, ना वाइड ना टेली. चेहऱ्यांसाठी 150. डोंगर-वाड्यांसाठी 50, पण ती तिसरी. तीनही एकदम घेणारा बहुधा ट्रायपॉडवर पैसे वाचवतो. हॅसलब्लाडच्या 500 मालिकेत शटर लेन्समध्येच असतं, म्हणून फ्लॅश 1/500 पर्यंत चालतो; पेंटॅक्स 67 सारख्या कॅमेऱ्यातल्या, फिल्मसमोरच्या पडदा-शटरला तो 1/30 वरच थांबतो. पण म्हणूनच प्रत्येक जुनी लेन्स म्हणजे एक जुनं शटर. घेताना एक सेकंदावर लावून ऐका, अडखळलं तर दुरुस्तीचा खर्च धरा. टॉर्च मारून बुरशी बघा. कोकण-मुंबईची लेन्स असेल तर दोनदा.

मामिया आरबी67 हा कॅमेरा वापरणारे मागे हात वर करतायत. तुमची नॉर्मल 90. आणि जवळून टिपताना बेलोज, म्हणजे लेन्सच्या मागची घडीची पिशवी, ताणला की एक्स्पोजर वाढवा, बाजूच्या पट्टीवर आकडा असतो. बोला.