कुऱ्हाडीला दोघं लागतात

मघाशी ओळख करून देताना मला लोहारकामाचा तज्ज्ञ म्हणलं, ते आधी खोडून काढतो. माझं खताबियाण्याचं दुकान आहे आणि चार वर्षात मी साडेतीन कुऱ्हाडी केल्यात, अर्धी कशी ते सांगतो पुढं.

आमचं कसंय, दिवाळी झाली की महिन्यातून एका रविवारी आम्ही आठ-दहा जण गावाबाहेर घिसाडी मामांच्या पालावर जमतो. दिवाळीनंतरच, कारण गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत मामांना मान वर करायला सवड नसते, सगळ्या शिवाराच्या वखराच्या पासा, खुरपी, कुऱ्हाडी शेवटायला, म्हणजे झिजलेली धार ठोकून नीट करायला, येऊन पडलेल्या असतात. जमणाऱ्यात दोन मास्तर, एक आयटीआयचं पोरगं, आणि एक इंजिनिअर पुण्याहून येतो. तो पहिल्या दिवशी व्हिडिओ बघून आलता, म्हणे मी एकट्यानं कुऱ्हाड करतो. मामा काही बोलले नाहीत, हातोडा दिला. दुपारपर्यंत पट्टीची घडीसुद्धा नीट पडली नाही.

आता कुऱ्हाड म्हणजे काय तर जाड पट्टी तापवून घडी घालायची, घडीत सुंबा, म्हणजे लोखंडी खुंटा, घालून दांड्यासाठी नेढं राखायचं, धारेच्या बाजूला मधोमध पोलादाचा तुकडा ठेवायचा, सांधा नीट जुळावा म्हणून टाकणखार टाकायचा आणि पांढरंफटक तापवून सगळं एकजीव ठोकायचं. भट्टीतून काढलं की हातात काही सेकंदच असतात बघा. मामांच्या एका हातात सांडशी, दुसऱ्यात छोटा हातोडा, मग घण कोण मारणार? समोर मामी उभ्या. मामांचा हातोडा नुसता जागा दाखवतो, टिण्, की त्याच जागी मामींचा घण, धप्. मामांनी ऐरणीवर रिकामा ठोका दिला की थांबायचं. तोंडानं एक शब्द नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून "एक कोयता" धरतात ना, हे तसंच, आणि नाव मात्र लोहाराचं होतं, घणवालीचं नाही, हे मला चार वर्षं तिथं बसून कळलं.

लोखंड कुठलं हेही महत्त्वाचं. बांधकामाच्या साध्या पट्टीत कार्बन पाव टक्क्याच्या आत, तिला कितीबी पाणी पाजा, म्हणजे लालभडक तापवून गपकन गार करा, धार मुडणारच. धारेला लागतं ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद, त्यात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. आमचा इंजिनिअर लोहचुंबक घेऊन येतो, 770 अंशाच्या आसपास तापलं की चुंबक चिकटत नाही, त्याच्या थोडं वर गेलं की पाणी द्यायचं. मामा नुसता रंग बघतात, म्हणून भट्टी सावलीत आणि पाणी द्यायचं काम दिवस मावळताना, उन्हात रंग फसवतो. माझी अर्धी कुऱ्हाड इथंच गेली. कमानपाट्याला तेल चालतं, मी घाईत गार पाण्याच्या बादलीत घातली, टिंग असा बारीक आवाज आला आणि धारेपासून नेढ्यापर्यंत तडा. दुकानात बिलांवर वजन म्हणून ठेवलीय. आणि पाणी दिलं म्हणजे झालं नाही, परत हलका ताव द्यावा लागतो, घासलेल्या जागेवर आधी गव्हाळ रंग येतो मग जांभळा मग निळा. विळा गव्हाळवर थांबवायचा, कुऱ्हाड जांभळ्यावर, नाहीतर बाभळीवर पहिल्याच घावाला धारेची खांड उडते.

पोलाद आपल्याकडं कुठून येणार असं कुणाला वाटत असेल तर नांदेडच्या पलीकडं निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम म्हणून गाव आहे, तिथं मुशीत पोलाद गाळायचे, त्यासाठी इराणचे व्यापारी येऊन राहायचे. व्हॉयसी नावाच्या साहेबानं केलेलं वर्णन 1832 ला छापून आलंय. 1948 पर्यंत ते आणि आपण मराठवाड्याचे एकाच निजामाच्या राज्यात होतो की! आता मामा पोलाद भंगारवाल्याकडून किलोवर आणतात.

तलवार शिकवता का, हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. नाही. शेतीची, घरकामाची अवजारं सोडली तर नऊ इंचाच्या वरच्या पात्याला परवान्याची भानगड येते, आणि मामांना पोलिसांचा जेवढा त्रास आधीच झालाय तेवढा पुरे.

तो इंजिनिअर अजून येतो. मागच्या रविवारी मामींनी पहिल्यांदा घण त्याच्या हातात दिला. मामांनी ऐरण वाजवली, एकदा, दोनदा, पण हा गडी मारतोयच. पट्टी कधीच काळी पडली होती. मामी म्हणल्या, "लेकरा, कानानं मार."