संडासला जायचे बूट

बसा मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? विषय आहे 'नाइट लोकांचे आदर्श आणि आपण'. नाइट म्हटलं की घोडा, चिलखत, तलवार आठवते, पण माझ्या आवडीचे नाइट वेगळे, जेरुसलेमचे संत जॉनवाले हॉस्पिटलर, म्हणजे मध्ययुगातला ख्रिस्ती ब्रदर लोकांचा एक संघ. त्यांच्याकडे आधी इस्पितळ होतं, तलवार नंतर आली. 1113 मध्ये पोप दुसरे पास्कल यांनी त्यांना मान्यता दिली तेव्हा त्यांचे प्रमुख ब्रदर जेरार्ड आजारी यात्रेकरूंचीच सेवा करत होते.

आता जरा घरचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझे वडील अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते, नाव नको. डॉक्टर हुशार, ऑपरेशन चांगलं झालं, पण ॲडमिट करताना काढलेल्या चपला परत सापडल्याच नाहीत. रात्री दोनला ओल्या फरशीवरून अनवाणी संडासला जायचं, मी दंड धरलेला, आणि जन्मभर मास्तरकी केलेला माणूस मला हळूच म्हणतो, "बाळा, कोणी बघायच्या आत चल." सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या तशी सोय नाही. त्यांना तरी काय बोलणार, सगळ्या वॉर्डाला त्या एकट्या. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आणि 1182 साली, विचार करा, हॉस्पिटलरांचे प्रमुख रॉजेर दे मुलां यांनी नियम केले त्यात लिहिलंय की प्रत्येक आजाऱ्याला मेंढीच्या कातड्याचा झगा द्या, लोकरीची टोपी द्या आणि संडासला जाण्यायेण्यासाठी बूट द्या! प्रत्येक खाटेला स्वतःची चादर, यात्रेकरू बायकांना तिथे बाळ झालं तर त्याला वेगळा पाळणा. त्याच्याही आधीचे प्रमुख रेमों द्यु प्युई यांच्या नियमात होतं की आजारी माणूस आला की त्याला मालक समजा, आणि रोज त्याला आधी जेवू घाला, ब्रदर लोकांनी मागून जेवायचं. मालक! उपकार म्हणून नाही हो, त्याचा मान म्हणून.

फादर हात दाखवतायत, पाचच मिनिटं राहिली, मग भराभर सांगतो. ख्रिस्ती योद्ध्यांनी 1099 मध्ये जेरुसलेममध्ये कत्तल केली, ते लपवून आदर्श सांगणं मला पटत नाही, तो भाग आपण घ्यायचा नाही. दिलेला शब्द पाळणं, विधवा-अनाथांच्या बाजूने उभं राहणं, सढळ हाताने देणं, हे मात्र घ्यायचं, आणि ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कोर्टाच्या पायरीवरसुद्धा ते जमतं. कारखान्यात सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा फर्स्ट एड कोर्स केलेले इथे बरेच असतील, त्या बॅजवरचा आठ टोकांचा क्रॉस ह्याच लोकांचा, म्हणजे तुम्ही आधीच अर्धे आत आहात.

बाकीचं पुढच्या वेळी. दाराजवळ एक खोका ठेवलाय, त्यात रबरी चपलांचे नवे जोड टाका, सगळ्या साइझचे चालतील. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही सिव्हिलच्या पुरुष वॉर्डात घेऊन जाणार आहोत, ज्यांना यायचंय त्यांनी वहीत नाव लिहा.