एकाच बॅचची ४० पिंपं, दोन देशांचे स्टिकर

(दृश्य: महाडच्या औद्योगिक वसाहतीतलं गोदाम. सकाळची पाळी. पॅलेटवर चार-चार निळी लोखंडी पिंपं. कॅमेरा एका पिंपाच्या पोटाशी येऊन थांबतो.)

हे २०० लिटरचं लोखंडी पिंप. आत थिनर आहे. वर दोन बुचं, कडेला पत्र्यातच ठोकलेले काही आकडे आणि पोटावर एक पांढरी चौकट. कायद्याच्या भाषेत ते लेबल. गोदामात त्याला सगळे स्टिकर म्हणतात, आपणही तेच म्हणू.

आज अशी ४० पिंपं निघणार आहेत. २० अँटवर्पला, २० ह्यूस्टनला. एकाच बॅचची, एकाच नळाखाली भरलेली. तरी अँटवर्पच्या स्टिकरवर दोन धोकाचित्रं आहेत आणि ह्यूस्टनच्या स्टिकरवर तीन. पाहणाऱ्याला वाटेल, छपाईत गडबड झाली. गडबड नाही. दोन्ही स्टिकर सारखे निघाले असते, तर त्यातला एक चुकीचा ठरला असता.

(दृश्य: दोन्ही स्टिकर टेबलावर शेजारी शेजारी. बोट तिसऱ्या चित्रावर: माणसाच्या छातीवर फुटलेला तारा.)

उदाहरणापुरतं घेतलेलं हे सूत्र सोपं आहे. ब्युटाइल अ‍ॅसिटेट ६८ टक्के, अ‍ॅसिटोन ३० टक्के, टोल्युइन २ टक्के. अ‍ॅसिटोनमुळे मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते ते किमान तापमान, २३ अंश सेल्सिअसच्या खाली येतो, आणि उकळायला ३५ अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणजे ज्वालाग्राही द्रव, वर्ग २. ज्वालेचं चित्र, ‘डेंजर’ हा संकेतशब्द, आणि एच२२५ हे धोकावाक्य. अ‍ॅसिटोन डोळ्यांना झोंबतं, वाफेनं गुंगी येते, म्हणून उद्गारचिन्हाचं चित्र. इथपर्यंत दोन्ही देशांचं एकमत.

भांडण आहे ते २ टक्के टोल्युइनचं. पोटातल्या गर्भाला त्यानं अपाय होण्याची शंका आहे. असा पदार्थ मिश्रणात किती असला म्हणजे अख्ख्या मिश्रणाला तो शिक्का लावायचा? रसायनांचं वर्गीकरण, लेबल आणि पॅकिंग पाहणारा युरोपचा सीएलपी कायदा सांगतो, ३ टक्के. अमेरिकेत कामगारांची सुरक्षा पाहणाऱ्या ओशाचा नियम सांगतो, ०.१ टक्का. दीर्घकाळच्या संपर्कानं अवयवांना होणाऱ्या इजेचंही तेच: या वर्गासाठी युरोपात १० टक्के, अमेरिकेत १ टक्का. आपले २ टक्के बरोबर या दोन रेषांच्या मधे पडतात. उलट, त्वचा कोरडी पडून भेगाळण्याबद्दलचं एक वाक्य, ईयूएच०६६, युरोपच्या स्टिकरवर येतं. अमेरिकेच्या नियमात ते वाक्यच नाही.

मूळ पुस्तक मात्र एकच. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये काढलेलं जीएचएस, म्हणजे रसायनांचं वर्गीकरण आणि लेबल यांची जगासाठीची सामायिक पद्धत, जांभळ्या मुखपृष्ठामुळे धंद्यात ‘पर्पल बुक’ म्हणून ओळखलं जातं. दर दोन वर्षांनी त्याची सुधारित आवृत्ती येते. पण ते पुस्तक म्हणजे कायदा नव्हे. प्रत्येक देशानं आपल्याला हवे ते भाग उचलले, हव्या त्या मर्यादा ठेवल्या. युरोपनं २००८ च्या १२७२ क्रमांकाच्या नियमातून, अमेरिकेनं २०१२ मध्ये. आपल्याकडे १९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत पिंपावर रसायनाची ओळख आणि उत्पादकाचा नाव-पत्ता हवा असं लिहिलं आहे; लाल चौकटीतली ही चित्रं त्यात नाहीत.

(दृश्य: कार्यालय. संगणकाच्या पडद्यावर घटकद्रव्यांची यादी, समोर टक्केवारी.)

एक माल, दोन देश असतील तर माणूस हे हातानं करू शकतो. शंभर माल आणि पंधरा देश झाले की दीड हजार स्टिकर होतात, आणि एक्सेलची फाइल कोणी तरी ‘फायनल-२’ नावानं जतन करून ठेवतो. स्वयंचलित पद्धत लागते ती इथं. तिचा गाभा छपाईयंत्र नाही. गाभा आहे सूत्राची नोंद. प्रत्येक घटकाचा सीएएस क्रमांक, म्हणजे रसायनाचा जगभर चालणारा ओळखक्रमांक (टोल्युइनचा १०८-८८-३), त्याची टक्केवारी आणि त्याचं वर्गीकरण. शिवाय पूर्ण मिश्रणाचा मोजलेला फ्लॅश पॉइंट. त्यावर प्रत्येक देशाचे नियम चालतात आणि निकाल सांकेतिक क्रमांकांत येतो: एच२२५ (ज्वाला), एच३१९ (डोळ्यांची जळजळ), एच३३६ (गुंगी). वाक्यं अजून कुठंच नाहीत.

मग येते चित्रांची काटछाट. नियमातच प्राधान्यक्रम आहे. विषारीपणासाठी कवटी आली, की युरोपात उद्गारचिन्ह पूर्णच गळतं, अमेरिकेत फक्त त्याच कारणाचं. गंज आणि भाजण्याचं चित्र आलं, की त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या जळजळीसाठी उद्गारचिन्ह लावायचं नाही. पण आपल्या थिनरसारखी गुंगीही असेल, तर त्या कारणासाठी उद्गारचिन्ह राहतं. ‘गंजाचं चित्र असेल तर उद्गारचिन्ह काढा’ असा आंधळा नियम प्रणालीत लिहिला, की चुका इथूनच सुरू होतात. चित्र का आलं, ते कारण चित्राबरोबर साठवावं लागतं. खबरदारीच्या वाक्यांचंही असंच. एका थिनरला सहज पंधरा-वीस लागू पडतात. युरोपात साधारण सहाच्या वर जाऊ नये असा नियम आहे. ती सहा कुठली, हे ठरवायला अजून तरी जाणता माणूसच बसवावा, असं आमचं मत आहे.

(दृश्य: पडद्यावर त्याच स्टिकरचा मजकूर डच, फ्रेंच, जर्मनमध्ये बदलत जातो. जर्मन मजकूर चौकटीबाहेर सांडतो.)

भाषांतर हा भाग लोकांना अवघड वाटतो. तो सोपा आहे. एच२२५ चं वाक्य युरोपीय संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेत कायद्याच्या परिशिष्टातच छापलेलं आहे. क्रमांक द्या, वाक्य उचला; कोणी भाषांतर करायचंच नाही. केलं तर तीच चूक. बेल्जियममध्ये माल ज्या भागात विकला जाणार, त्या भागाची भाषा हवी. आयातदार माल तिन्हीकडे फिरवत असेल, तर डच, फ्रेंच आणि जर्मन तिन्ही. फिनलंडला गेला तर फिनिश आणि स्वीडिश.

अडचण येते जागेची. पिंप ५० ते ५०० लिटरच्या गटातलं असेल, तर युरोपात स्टिकरचा आकार किमान १०५ बाय १४८ मिलिमीटर. हाच कागदाचा ए-६ आकार. त्यावरचं प्रत्येक चित्र ३२ बाय ३२ मिलिमीटर. ३ ते ५० लिटरसाठी ७४ बाय १०५, आणि चित्र २३ चं. इथं एक सापळा आहे. हे लिटर मालाचे नाहीत, भांड्याच्या क्षमतेचे आहेत. ६० लिटरच्या पिंपात ४५ लिटर भरले तरी स्टिकर मोठाच लागतो. बहुतेक कारखान्यांच्या ईआरपीमध्ये, म्हणजे साठा आणि ऑर्डर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नोंद असते ती निव्वळ वजनाची, किलोमध्ये. त्यावरून टेम्प्लेट निवडलं की लहान स्टिकर छापला जातो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पॅकिंगच्या नोंदीत क्षमतेचा वेगळा रकाना हवाच.

आणखी एक रकाना नेहमी चुकतो: फोन नंबर. युरोपच्या स्टिकरवर तिथल्या पुरवठादाराचं नाव, पत्ता आणि फोन लागतो, म्हणजे इथं आयातदाराचा. महाडचा नंबर तिथं चालत नाही. चीनला पाठवायचं तर तिथलाच चोवीस तास चालणारा आपत्कालीन नंबर. तेव्हा हा नंबर मालाला नव्हे, ग्राहकाच्या ऑर्डरला जोडावा लागतो.

युरोपच्या स्टिकरवर यूएफआय नावाचा १६ अक्षर-अंकांचा संकेतही असतो, चार-चारच्या चार गटांत. विषबाधा झाली तर डॉक्टर फोनवर तो वाचून दाखवतो आणि विष-उपचार केंद्राला सूत्र कळतं. सूत्र ठरलेल्या मर्यादेबाहेर बदललं, की हा संकेतही नवा लागतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. गॅस क्रोमॅटोग्राफचा आलेख. एका शिखरावर खूण: ३.४ टक्के.)

आता सगळ्यात महागात पडणारी चूक पाहू. ती स्टिकरजवळ होत नाही, खरेदी विभागात होते. ताज्या द्रावकाऐवजी स्वस्त मिळालं म्हणून परत शुद्ध केलेलं द्रावक घेतलं जातं. पुरवठादाराच्या सुरक्षा पत्रकावर टोल्युइनसमोर लिहिलेलं असतं, ‘२ ते ४ टक्के’. सूत्रात २ लिहिलेले आहेत. बॅचच्या तपासणीत निघतात ३.४. रंग तोच, वास तोच, ग्राहकाची तक्रार शून्य. पण ३ ची रेषा ओलांडली, आणि अँटवर्पच्या स्टिकरलाही आता ते छातीवरच्या ताऱ्याचं चित्र हवं. इथं प्रणालीचं काम छापणं नाही, अडवणं आहे. प्रयोगशाळेचा आकडा नोंदला गेला आणि तो कुठल्याही देशाच्या मर्यादेपलीकडे गेला, की बॅचला कुलूप. नवं वर्गीकरण मंजूर होईपर्यंत छपाईची आज्ञाच निघता कामा नये. डिस्पॅचवाले चिडतात. चिडू द्यावं.

नियमांनाही तारखा असतात, आणि त्या कधी उलट्याही फिरतात. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड घ्या. भुकटीच्या रूपात ते श्वासातून गेल्यास कर्करोगाची शंका, असं वर्गीकरण युरोपात १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालं. त्याबरोबरच द्रव रंगांच्या डब्यांवरही फवाऱ्याबद्दल एक इशारा आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयानं ते वर्गीकरण रद्द ठरवलं, आणि २०२५ मध्ये अपिलातही तोच निकाल टिकला. ज्यांच्या प्रणालीत नियमाला फक्त ‘कधीपासून’ होतं आणि ‘कधीपर्यंत’ नव्हतं, त्यांना तो इशारा काढायला शेकडो टेम्प्लेटं हातानं उघडावी लागणार.

(दृश्य: छपाईयंत्र सुरू. रिबनचा रोल, फिल्म सरकते आहे. जवळून: अक्षरांमधून गेलेली एक बारीक पांढरी रेघ.)

छपाई. पिंप समुद्रानं जाणार असल्यामुळे स्टिकर तीन महिने खाऱ्या पाण्यात बुडाला तरी वाचता आला पाहिजे, अशी सागरी नियमांची अट आहे. पिंप जहाजावरून पडलं आणि किनाऱ्याला लागलं, तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून. बीएस ५६०९ या ब्रिटिश मानकात ही परीक्षा दोन टप्प्यांत होते. आधी कोरी फिल्म आणि तिचा गोंद. मग त्यावरची छपाई. इथं फसगत ठरलेली. फिल्म प्रमाणित घेतात आणि रिबन, म्हणजे शाईची पट्टी, बाजारातली मेणाची बसवतात. मेणाची छपाई थिनरचा एक ओघळ आला की बोटानं पुसली जाते. रेझिनची रिबन हवी, आणि फिल्म, रिबन, यंत्र यांची जी जोडी तपासली गेली तीच जोडी वापरायला हवी.

ही पांढरी रेघ पाहा. २०३ डीपीआयच्या यंत्रात एका मिलिमीटरला तापून छापणारे आठ ठिपके असतात. त्यातला एक जळला की रोलच्या लांबीभर अशी रेघ उमटते. मोठ्या अक्षरात ती खपून जाते. आडव्या छापलेल्या बारकोडमध्ये गेली, तर एखादी बारीक काळी पट्टीच गायब होऊ शकते. त्यामुळे यंत्रामागे स्कॅनर बसवून प्रत्येक स्टिकरचा बारकोड वाचायचा आणि ऑर्डरशी ताडायचा.

चिनी किंवा कोरियन मजकूर पाठवला आणि यंत्राच्या स्मृतीत तो फॉन्ट नसेल, तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन छापले जातात. मराठी वाचकाला हे नवं नाही. जोडाक्षरं फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे गेलेली पत्रकं आपण पाहिली आहेत. उपाय एकच: मजकूर अक्षरं म्हणून न पाठवता तयार चित्र म्हणून पाठवायचा. थोडं हळू चालतं, पण बिघडत नाही.

लाल चौकटींची गंमत वेगळी. काळ्या छपाईचं स्वस्त यंत्र असलं की लोक चार लाल चौकटी आधीच छापलेले रोल आणतात. मालाला दोनच चित्रं लागली तर उरलेल्या दोन रिकाम्या राहतात. अमेरिकेच्या नियमात रिकामी लाल चौकट चालत नाही. ती पूर्ण काळी करावी लागते. त्यापेक्षा रंगीत इंकजेट परवडतं.

इथं एक आठवण. आपल्या शेतकऱ्याला कीटकनाशकाच्या बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण १९७१ च्या नियमांपासून ओळखीचा आहे. तिथं विषारीपणाचा वर्ग सांगायचं मुख्य काम रंगच करतो. शाई संपत आली आणि पिवळा फिका पडला, तर धोकाच फिका पडतो. त्यामुळे रंगीत छपाईत रंगाची तपासणीही कॅमेऱ्यावर सोपवावी.

(दृश्य: पिंपावर स्टिकर लावणारे हात. आधी फडक्यानं पुसणं.)

वाहतुकीचा स्टिकर वेगळा. १०० मिलिमीटर बाजूचा लाल चौकोन, टोकावर उभा, वर्ग ३; वाहतुकीच्या नियमांत ज्वालाग्राही द्रवांचा वर्ग हा. शेजारी यूएन १२६३ हा रंग-थिनरचा वाहतुकीचा क्रमांक, किमान १२ मिलिमीटर उंच. पत्र्यात ठोकलेलं १ए१ म्हणजे लोखंडी, झाकण न निघणारं पिंप. पुढचा वाय म्हणजे मध्यम आणि कमी धोक्याच्या गटांना चालणारं. आपलं थिनर मध्यम गटातलं, म्हणून वाय पुरतो. फक्त कमी धोक्याच्या गटाला चालणारा झेड असता, तर स्टिकर कितीही बिनचूक असला तरी पिंपच चुकीचं. हा शिक्काही प्रणालीनं पॅकिंगच्या नोंदीशी ताडायला हवा. न्हावा शेवाला कंटेनर बंद झाला की त्याच्या चारी बाजूंना २५० मिलिमीटरचे फलक लागतात.

पावसाळ्यात पिंपावर दव साचतं. भरताना तेलकट हात लागलेले असतात. पुसून, कोरडं करून लावलं नाही तर कुठलाही प्रमाणित गोंद धरत नाही. लावल्यावर त्याला पकड घ्यायला वेळ द्यायचा; लगेच ताडपत्री घासली की कोपरा उठतो. उठलेल्या कोपऱ्यात पाणी शिरतं.

(दृश्य: टेबलावर नोंदवही. दोन चुरगळलेले स्टिकर.)

अँटवर्पसाठी २० पिंपं. यंत्रानं छापले २२. २० लागले, दोन खराब निघाले. हे दोन नोंदवहीत चिकटवायचे, वर आडवी रेघ मारायची, सही करायची. पुन्हा छापायचे तर कारण टाकल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. एकही सुटा स्टिकर टेबलाच्या खणात जाता कामा नये. पुढच्या महिन्यात सूत्र बदललेलं असतं, घाई असते, आणि कोणी तरी तो खण उघडतो.